कारंज्यावरून नाव गेलं, फुलावर राहिलं : सह्याद्रीच्या कड्यावरचा ‘फ्रेरिया’ आणि गव्हर्नर बार्टल फ्रिअर

एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी आलं आणि सगळ्या देशाला लातूरची तहान कळली. पिण्याच्या पाण्यासाठी रांगा लागत होत्या, तिथे बागेला पाणी कुठून घालणार?

आज त्याच लातुरात आणि शेजारच्या नांदेडमध्ये गच्चीवर, खिडकीच्या ग्रिलमध्ये, टीव्हीच्या स्टँडवर छोट्या छोट्या कुंड्या दिसतात. जेड, हॉवर्थिया, एकेव्हेरिया, कोरफडीच्या नाना जाती. इन्स्टाग्रामवर फोटो टाकायचे, एकमेकांना फांद्या द्यायच्या, एका पानापासून नवं रोप तयार करायचं, असा हा नाद आहे. यांना सक्युलंट म्हणतात. जाड पानात किंवा खोडात पाणी साठवून ठेवायचं आणि पाऊस नसेल तेव्हा ते पुरवून पुरवून वापरायचं, हा त्यांचा स्वभाव. मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

या नादातली माणसं थोडी मुरली की परदेशी रोपांवरून त्यांची नजर आपल्याकडच्या रोपांकडे वळते. मग एक नाव हमखास कानावर येतं, ‘फ्रेरिया इंडिका’. हे रोप मूळचं फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीतलं. जगात दुसरीकडे कुठेही ते रानात उगवत नाही. जुन्नरचा शिवनेरी, पुरंदरजवळचा वज्रगड, साताऱ्याजवळचा सज्जनगड, भंडारदऱ्याकडचा रंधा धबधबा अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर ते लटकलेलं असतं. स्थानिक लोक त्याला शिंदळ माकुडी म्हणतात.

मग शिवनेरीच्या फुलाला हे ‘फ्रेरिया’ नाव कुठून आलं?

ते आलं एका इंग्रज गव्हर्नरावरून. त्याचं नाव सर हेन्री बार्टल एडवर्ड फ्रिअर. हा माणूस काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. त्यानं मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली, साताऱ्याचं राज्य खालसा होऊ नये म्हणून आपल्याच सरकारशी वाद घातला, आशियातलं पहिलं पोस्टाचं तिकीट काढलं आणि आयुष्याच्या शेवटी एक असं युद्ध ओढवून घेतलं की सगळी पुण्याई धुऊन निघाली.

होडीतून आलेला कारकून

फ्रिअरचा जन्म २९ मार्च १८१५ चा, वेल्समधला. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी घडवणारं हेलीबरी कॉलेज त्यानं केलं आणि १८३४ मध्ये मुंबई इलाख्यात नोकरी मिळवली.

तेव्हा सुएझ कालवा नव्हता. बहुतेक इंग्रज आफ्रिकेला वळसा घालून अनेक महिने जहाजात काढत. एकोणीस वर्षांच्या फ्रिअरनं वेगळी वाट धरली. इजिप्तमध्ये उतरून त्यानं वाळवंट ओलांडलं, लाल समुद्रात उघड्या होडीतून प्रवास केला आणि मग मुंबई गाठली.

देशी भाषेची परीक्षा पास झाल्यावर १८३५ मध्ये त्याची नेमणूक पुण्यात झाली, असिस्टंट कलेक्टर म्हणून. पेशवाई संपून सतरा वर्षं झाली होती. कंपनीनं शेतसारा इतका चढवला होता की पुणे जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतली माणसं जमिनी टाकून निघून जात होती. त्याच सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूरपासून जमिनीची नवी मोजणी सुरू केली. जमिनीचा कस बघून सारा ठरवायचा, अशी ती पद्धत. पुढे हीच पद्धत मुंबई इलाख्याच्या महसुलाचा पाया झाली. गोल्डस्मिडसोबत काम करताना तरुण फ्रिअरला दख्खनची गावं, दुष्काळ आणि वसुलीच्या नावाखाली होणारा जुलूम जवळून बघायला मिळाला.

१८४२ मध्ये तो मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज आर्थर यांचा खासगी सचिव झाला. दोन वर्षांनी गव्हर्नरसाहेबांच्याच मुलीशी, कॅथरीनशी, त्याचं लग्न झालं. नोकरीची शिडी आता भराभर चढली जाणार होती.

साताऱ्याची गादी

फ्रिअर साताऱ्याला रेसिडेंट म्हणून गेला तेव्हा छत्रपतींच्या गादीवर शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब होते. त्यांचे थोरले बंधू प्रतापसिंह महाराज यांना इंग्रजांनी १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलं होतं. रेसिडेंट म्हणजे दरबारात बसलेला कंपनीचा डोळा.

एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारले. त्यांना मुलगा नव्हता. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतलं होतं. हिंदू धर्मशास्त्रानं आणि रिवाजानं ते दत्तक वैध होतं. पण गव्हर्नर जनरल डलहौसी नुकताच भारतात आला होता आणि त्याला संस्थानं खालसा करण्याची घाई होती.

आता रेसिडेंटनं काय करायचं? वरिष्ठांना जे ऐकायचंय ते लिहून दिलं असतं तर फ्रिअरचं काही बिघडलं नसतं. त्यानं उलट बाजू घेतली. दत्तकाचा हक्क मान्य करावा, राज्य चालू ठेवावं, असं मत त्यानं मांडलं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर क्लार्क यांचंही मत तसंच होतं. डलहौसीनं ते मानलं नाही. १८४९ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा झालं. याच खालसा धोरणाखाली पुढे झाशी आणि नागपूरही गेलं.

आणि खालसा झालेल्या साताऱ्याचा कारभार बघायला कोणाला नेमलं? फ्रिअरलाच. त्यानं तो मुकाट्यानं बघितला. त्याचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं तर ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चूक दिसली तर तो बोलायचा, पण साम्राज्याची खुर्ची सोडायचा नाही.

साताऱ्याहून सज्जनगड दिसतो. त्याच्या कड्यावर पावसाळ्यात शिंदळ माकुडीला पानं फुटत असतील, तेव्हा तिला ना लॅटिन नाव होतं, ना कुठल्या पुस्तकात तिची नोंद.

सिंधमधलं तिकीट

१८५० मध्ये फ्रिअरला सिंध प्रांताचा आयुक्त म्हणून पाठवलं गेलं. सिंध जिंकून इंग्रजांना जेमतेम सात वर्षं झाली होती. इथे त्यानं जे केलं त्याच्या खुणा आजही सापडतात. कराचीचं बंदर सुधारलं, रस्ते आणि कालवे काढले, शाळा उघडल्या. सिंधी भाषा अनेक लिप्यांत लिहिली जायची. १८५३ मध्ये अरबी वळणाची एक लिपी ठरवून तिचा वापर सुरू झाला. पाकिस्तानात सिंधी आजही त्याच वळणानं लिहिली जाते.

पण जगभरातल्या छंदिष्टांना फ्रिअर माहीत आहे तो वेगळ्या कारणासाठी. १ जुलै १८५२ रोजी त्यानं सिंधमध्ये अर्ध्या आण्याचं पोस्टाचं तिकीट सुरू केलं. ‘सिंध डाक’ या नावानं ते ओळखलं जातं आणि आशियातलं ते पहिलं चिकटवायचं तिकीट. सुरुवातीची तिकिटं लाखेसारख्या लाल पदार्थाची होती, ती सहज तुटायची. मग पांढरी आणि निळी आली. दोन वर्षांत सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं निघाली आणि सिंध डाक बंद झालं. आज तिकीट जमवणाऱ्यांच्या जगात ते दुर्मिळ रत्न मानलं जातं.

म्हणजे योगायोग बघा. तिकिटं जमवणारे आणि रोपं जमवणारे, अशा दोन्ही नादांच्या माणसांकडे एकाच फ्रिअरचं नाव येऊन बसलंय.

१८५७ चा उठाव झाला तेव्हा तो सिंधमध्येच होता. आपल्या प्रांतात फौज कमी ठेवून त्यानं ती पंजाबच्या बाजूला धाडली. या कामगिरीचं लंडनमध्ये कौतुक झालं, ‘सर’ ही पदवी मिळाली आणि तो गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात जाऊन बसला.

मुंबईच्या भिंती पडतात

१८६२ मध्ये फ्रिअर मुंबईचा गव्हर्नर झाला. वेळ अशी की शहरात अक्षरशः पैशाचा पाऊस पडत होता.

कारण होतं अमेरिकेतलं यादवी युद्ध. १८६१ मध्ये ते सुरू झालं आणि अमेरिकेचा कापूस इंग्लंडला जायचा थांबला. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवाच होता. तो मुंबईतून जाऊ लागला. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, म्हणजे फ्रिअरच्या हुकमाबाहेर.

या तेजीच्या काळातच मुंबईचं आजचं रूप घडायला लागलं. फोर्ट भागाला खरोखरच किल्ल्याची तटबंदी होती. शहर त्या भिंतींच्या आत गुदमरत होतं. फ्रिअरनं तटबंदी पाडायला लावली. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे मोठमोठ्या सरकारी इमारती, विद्यापीठ, हायकोर्ट उभं राहिलं. पुण्यात १८६४ मध्ये डेक्कन कॉलेजच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि १८६५ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेजच्या इमारतीची. गणेशखिंडीत गव्हर्नरांसाठी नवा बंगला बांधायला घेतला, त्याच्या खर्चावरून बरीच ओरड झाली. आज त्या वास्तूत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे.

तटबंदी गेल्यावर चौकात एक कारंजं उभं राहिलं. खरं तर ते भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनसाठी, म्हणजे आजच्या राणीच्या बागेसाठी ठरवलं होतं. खर्च बागकामाची आवड असलेल्या मंडळींच्या संस्थेनं आणि दानशूर पारशी शेठजींनी उचलला होता. कारंज्याला गव्हर्नरसाहेबांचं, फ्रिअरचं, नाव द्यायचं असा बेत होता. प्रत्यक्षात कारंज्यावर रोमन पुराणातली फुलांची देवी उभी होती, फ्लोरा. लोकांच्या तोंडी तिचंच नाव बसलं. तेच हे आजचं हुतात्मा चौकातलं फ्लोरा फाउंटन.

फुलांच्या देवीनं गव्हर्नरचं नाव पुसलं. पण साधारण त्याच वर्षांत जुन्नरच्या डोंगरात एक फूल सापडलं आणि त्यानं ते नाव उचललं.

डॅलझेल आणि कड्यावरचं फूल

इथे गोष्टीत दुसरा माणूस येतो. निकोल अलेक्झांडर डॅलझेल, एडिंबराचा स्कॉटिश. शिक्षण धर्मशास्त्राचं आणि १८४१ मध्ये मुंबईत नोकरी लागली ती जकात खात्यात. पण मन अडकलं झाडांत. कामाच्या निमित्तानं फिरायचं आणि मिळेल ती वनस्पती गोळा करायची. अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टर मित्रासोबत त्यानं ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये काढला. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची पद्धतशीर माहिती देणारा तो सुरुवातीचा मोठा ग्रंथ. हा गिब्सन जुन्नरजवळच्या हिवरे आणि पुण्याजवळच्या दापोडी इथल्या सरकारी बागा सांभाळायचा. तो निवृत्त झाल्यावर डॅलझेल मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. वर्ष १८६२, म्हणजे फ्रिअर गव्हर्नर झाला तेच.

रेल्वेच्या स्लीपरसाठी आणि जळणासाठी सह्याद्रीतली झाडं धडाधड पडत होती. जंगल तुटलं की पावसावर आणि झऱ्यांवर काय परिणाम होतो, यावर डॅलझेलनं १८६३ मध्ये पुस्तिका लिहिली. लातूरच्या पाण्याच्या रेल्वेच्या दीडशे वर्षं आधी सरकारी खात्यातला एक माणूस हे सांगत होता.

जुन्नरच्या डोंगरात त्याला एक विचित्र रोप मिळालं. मांसल, बोटभर जाडीची खोडं खडकाच्या फटीतून खाली लोंबलेली. फूल पाच पाकळ्यांच्या चांदणीसारखं, गडद तांबडं, त्यावर पिवळे ठिपके. त्याच्या घराण्यातल्या इतर झाडांनी पानं जवळजवळ टाकूनच दिली आहेत, नुसती काटेरी वाटावीत अशी खोडं उरलीत. या रोपाला मात्र पावसाळ्यात चांगली मोठी, खरीखुरी पानं येत होती. उन्हाळा आला की ती गळायची आणि उघडं खोड दिवस काढायचं. म्हणजे पावसात साध्या झाडासारखं आणि दुष्काळात निवडुंगासारखं जगणारं झाड!

डॅलझेलला ते इतकं वेगळं वाटलं की त्यानं त्यासाठी अख्खी नवी प्रजातीच मांडली. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकातून १८६५ च्या सुमारास हे नाव जगापुढे आलं. प्रजातीचं नाव ‘फ्रेरिया’, विज्ञानाच्या कामाला पाठबळ देणाऱ्या गव्हर्नरच्या मानार्थ. आणि जातीचं नाव ‘इंडिका’, म्हणजे भारतातली.

जुन्नरच्या माणसांनी तिला आधीच दिलेलं नाव त्यात कुठेही आलं नाही. त्या काळात हे असंच चालायचं. कडा आपला, वाट दाखवणारा आपला, रोप ओळखणाराही बहुतेक आपलाच. कागदावर नाव मात्र साहेबाचं.

बुडालेली बँक आणि नाशिकचे आफ्रिकी

१८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचा भाव कोसळला. समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीसारख्या कंपन्यांचे शेअर रद्दीच्या भावात गेले. प्रेमचंद रायचंदसारखे बडे शेठ बुडाले आणि सरकारचा हिस्सा असलेली बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. गव्हर्नर म्हणून फ्रिअरनं वेळीच लक्ष घातलं नाही, असा ठपका आला. १८६७ मध्ये तो इंग्लंडला परतला.

निघण्यापूर्वी त्याच्या घरात आणखी एक काम झालं होतं. वडिलांसोबत दख्खनच्या दौऱ्यावर असताना त्याची मुलगी मेरी हिनं आपली आया अॅना लिबराटा डिसूझा हिच्याकडून लोककथा ऐकून लिहून घेतल्या. १८६८ मध्ये त्याचं पुस्तक झालं, ‘ओल्ड डेक्कन डेज’. भारतीय लोककथांच्या इंग्रजीतल्या सुरुवातीच्या संग्रहांपैकी हा एक महत्त्वाचा संग्रह. इथे निदान गोष्ट सांगणाऱ्या बाईचं नाव पुस्तकात आलं.

१८७३ मध्ये फ्रिअर झांझिबारला गेला, गुलामांचा व्यापार बंद करण्याची बोलणी करायला. त्याच्यासमोर सुलतान बधला नाही. तो परतल्यावर आरमारी नाकेबंदीची धमकी देऊन त्याच वर्षी करार झाला आणि तिथला गुलामांचा बाजार बंद पडला.

या गोष्टीचा एक धागा थेट नाशिकला येतो. समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकच्या शरणपूर इथल्या मिशनमध्ये ठेवून शिकवलं जायचं. त्यांतल्या अनेकांना पुढे आफ्रिकेत मोंबासाजवळ वसवण्यात आलं. त्या वस्तीचं नाव पडलं फ्रिअर टाउन.

जेडच्या मुलखातलं युद्ध

इथे थांबला असता तर फ्रिअरचं नाव सुधारक अधिकारी म्हणून राहिलं असतं. पण १८७७ मध्ये त्याला दक्षिण आफ्रिकेत हायकमिशनर म्हणून पाठवलं गेलं. तिथले सगळे प्रदेश इंग्रजांच्या झेंड्याखाली एकत्र आणायचे, हे काम.

हा मुलूख म्हणजे सक्युलंटचं माहेरघर. हॉवर्थिया तिथली, दगडासारखी दिसणारी लिथॉप्स तिथली. लातूरच्या नर्सरीत जेड म्हणून जी दोन रोपं मिळतात, मोठ्या पानाचा क्रासुला आणि बारीक पानाचा पोर्टुलकेरिया, तीही तिथलीच. पूर्व केप आणि नाताळच्या डोंगरउतारांवर ती रानटी उगवतात.

त्याच उतारांवर फ्रिअरच्या कारकिर्दीत रक्त सांडलं. आधी पूर्व केपमध्ये खोसा लोकांशी लढाई झाली. मग त्याची नजर झुलू राज्याकडे गेली. राजा सेत्श्वायो इंग्रजांशी भांडायला उत्सुक नव्हता. लंडनच्या सरकारलाही तेव्हा युद्ध नको होतं. तरी डिसेंबर १८७८ मध्ये फ्रिअरनं त्याला निर्वाणीचा खलिता पाठवला. अटी अशा की कोणताही राजा त्या मान्य करूच शकला नसता. सैन्य मोडा, ही त्यातली एक.

२२ जानेवारी १८७९ ला इसंडल्वाना इथे झुलूंनी इंग्रज छावणी कापून काढली. इंग्रजांच्या बाजूचे तेराशेच्या वर लोक एका दिवसात पडले. नंतर जादा फौज आली, जुलैमध्ये उलुंदीला झुलूंचा पराभव झाला आणि त्यांचं राज्य मोडलं. हजारो झुलू मारले गेले. लंडनमध्ये फ्रिअरवर कडक ताशेरे ओढले गेले आणि १८८० मध्ये त्याला परत बोलावलं.

साताऱ्याच्या दत्तकाचा हक्क मागणारा तरुण रेसिडेंट आणि झुलूंचं राज्य मोडणारा म्हातारा हायकमिशनर, दोन्ही एकच माणूस. तीस वर्षांत राजाचं राज्य त्याच्याकडेच राहू द्यावं असं वाटणं कधी संपलं, ते सांगता येत नाही. उरलेली वर्षं त्यानं आपली बाजू मांडण्यात घालवली. २९ मे १८८४ ला विम्बल्डनमध्ये तो वारला. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्याला पुरण्यात आलं.

नाव पुसलं, तरी उरलं

मुंबईतल्या फ्रिअर रोडचं नाव पुढे बदललं, आज तो कामगार नेते पी. डिमेलो यांच्या नावानं ओळखला जातो. कराचीत फ्रिअर हॉल अजून आहे. पण फ्रिअरच्या नावाचं सगळ्यात मजेशीर काय झालं असेल तर ते कड्यावरच्या फुलावर.

१९५८ मध्ये इंग्लंडचे सक्युलंटतज्ज्ञ गॉर्डन रोली यांनी ठरवलं की हे रोप वेगळ्या प्रजातीचं नाही, ते कॅरालुमा या आधीपासून माहीत असलेल्या प्रजातीत बसतं. म्हणजे ‘फ्रेरिया’ हे नाव गेलं. मग ‘कॅरालुमा इंडिका’ व्हायला हवं होतं. पण ते नाव आधीच दुसऱ्या एका झाडाला दिलेलं होतं आणि नियमानुसार एक नाव दोघांना चालत नाही. म्हणून रोलींनी जातीचं नाव नवीन केलं, ‘फ्रेरेई’. पुढे आणखी फेरफार होऊन आज अनेक याद्यांत ते ‘बाऊसेरोसिया फ्रेरेई’ म्हणून दिसतं.

थोडक्यात, दोन शब्दांपैकी गव्हर्नर राहिला आणि भारत गेला! आपल्याकडचे बरेच अभ्यासक आणि छंदिष्ट मात्र अजूनही ‘फ्रेरिया इंडिका’ असंच म्हणतात.

नावाचं काही होवो, रोपाचं काय? ते धोक्यात असलेल्या वनस्पतींमध्ये गणलं जातं. मोजक्याच जागा, शेळ्यांची चराई, वणवे, दरडी, गडावरची बांधकामं, आणि त्यात जमवणाऱ्यांचा हव्यास. दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत रानातून चोरून उपटलेली लाखो सक्युलंट रोपं जप्त झाली आहेत. ती घरात हौस म्हणून ठेवणाऱ्यांसाठीच निघाली होती. आपल्या कड्यांवर एवढी रोपंच नाहीत. इथे दहा जणांनी एकेक उपटलं तरी एखादा कडा रिकामा होईल.

गंमत म्हणजे हे रोप उपटायची गरजच नाही. खोडाचा तुकडा दोन-चार दिवस सावलीत सुकू द्यायचा आणि मुरूम-वाळूच्या पाणी न साचणाऱ्या मिश्रणात टोचायचा, की ते रुजतं. टांगत्या कुंडीत चांगलं लोंबतं. पावसाळ्यात पाणी द्यायचं, मराठवाड्याच्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हापासून आडोसा करायचा. अनेकांच्या हातून ते मरतं ते उन्हाळ्यात. पानं गळाली की रोप वाळलं असं वाटतं आणि घाबरून माणूस पाणी ओततो. मग खोड कुजतं. खरं तर ते झोपलेलं असतं. कड्यावर असतं तर त्याला तेव्हा थेंबही मिळाला नसता.

म्हणून घ्यायचंच असेल तर कुंडीत वाढवलेल्या रोपाची फांदी कोणाकडून तरी मागून घ्या. विकणाऱ्याला रोप कुठून आणलं ते विचारा. गडावरून काढून आणलंय असं कळलं तर कितीही स्वस्त असलं तरी परत ठेवा.

आणि कुंडीवर नावाची चिठ्ठी लावताना लॅटिन नाव लिहाच, रोप ओळखायला ते लागतं. पण त्याच्या वर, थोड्या मोठ्या अक्षरात, शिंदळ माकुडी असं लिहा. डॅलझेल जुन्नरच्या डोंगरात गेला, त्याच्या आधीपासून ती तिथेच होती.